नवशिक्याचे प्रश्न आणि संगणकाच्या रूढि

कोणत्याही धंद्यांत मुरलेला मनुष्य जे प्रश्न विचारीत नाहीं, नेमके तेच नवशिका विचारतो. सुताराच्या हाताखालचा पोरगा रंधा असाच कां धरावयाचा म्हणून विचारतो, वैदिकाचा शिष्य अमुक मंत्र अमुक वेळींच कां म्हणावयाचा म्हणून विचारतो. आणि दोघांनाही बहुधा एकच उत्तर मिळतें, ‘असेंच असतें.’ हें उत्तर देणारा गुरु अप्रामाणिक असतो असें नाहीं. त्यानेंही एके काळीं हाच प्रश्न विचारलेला असतो, त्यालाही हेंच उत्तर मिळालेलें असतें, आणि पुढें हात सरावल्यावर तो प्रश्नच त्याच्या मनांतून नाहींसा झालेला असतो. रूढि म्हणून जें आपण म्हणतों, तें पुष्कळदां अशा विसरलेल्या प्रश्नांचेंच दुसरें नांव असतें.

संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिण्याचा धंदा हा जगांतील अगदीं नव्या धंद्यांपैकीं एक. त्याचें वय अवघें पाऊणशें-ऐंशी वर्षांचें. तर्काचा व काटेकोरपणाचा धंदा म्हणून त्याची ख्याति आहे. तेव्हां येथें तरी ‘असेंच असतें’ या उत्तराला थारा नसेल, अशी सामान्य वाचकाची समजूत असणें स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष स्थिति निराळी आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक. परंतु महाविद्यालयांतील संगणकशाखेच्या विद्यार्थ्यांचें बोलणें कानांवर पडतें, तेव्हां त्यांचे नित्याचे प्रश्न ऐकून वाटतें कीं, हे प्रश्न चुकून आमच्या वर्गांतून त्यांच्या वर्गांत गेले असावेत. ओळीच्या शेवटीं दोन अदृश्य संकेत कां? मोजणी शून्यापासून कां? एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज बरोबर तीन दशांश कां येत नाहीं? प्रश्न दिसावयास तांत्रिक आहेत, पण यंत्राकडे कितीही वेळ पाहत बसलें तरी त्यांतील बहुतेकांचीं उत्तरें सांपडत नाहींत. तीं कोणत्या सालीं, कोणत्या खोलींत, कोणाच्या सोयीसाठीं काय ठरलें, हें पाहिल्यावर सांपडतात. त्यांपैकीं कांहींचा मागोवा येथें घ्यावयाचा आहे. नुसतें कुतूहल म्हणूनही तो मनोरंजक आहे. परंतु त्यांत कुतूहलापलीकडचें कांहीं आहे, हें लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानांत येईल.

या प्रश्नांचे स्थूलमानानें तीन वर्ग पाडतां येतील. पहिल्यांत कारण मेलेलें आहे व रूढि निरुपद्रवीपणें मागें राहिली आहे. दुसऱ्यांत रूढि विचित्र दिसते, पण तिचें कारण अद्याप जिवंत आहे. आणि तिसऱ्यांत कारण गेलें असून रूढि मात्र रोज कोणाला ना कोणाला त्रास देत आहे.

पहिल्या वर्गांतील उत्तम उदाहरण ओळीच्या शेवटाचें. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेला कीं कधीं कधीं सर्व ओळी एकमेकींत मिसळतात, किंवा प्रत्येक ओळीच्या टोकाला एक भलतेंच चिन्ह दिसूं लागतें. याचें मूळ टेलिप्रिंटरांत आहे. ज्यांनीं जुना टाइपरायटर वापरला आहे, त्यांना ठाऊक असेल कीं, ओळ संपली म्हणजे दोन निरनिराळ्या क्रिया कराव्या लागत: कॅरेज ओढून ओळीच्या आरंभीं आणावयाची, आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर सरकवावयाचा. हाताच्या यंत्रावर एकाच दांड्यानें दोन्ही कामें होत. तारेवरून चालणाऱ्या टेलिप्रिंटरला मात्र प्रत्येकासाठीं स्वतंत्र संकेत पाठवावा लागे. १९६३ सालीं निघालेलें ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हें यंत्र सेकंदाला दहा अक्षरें छापी. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत परत येण्यास त्याला एका अक्षराच्या वेळापेक्षां अधिक वेळ लागे. म्हणून आधीं ‘मागें ये’ आणि मग ‘कागद सरकव’ असा संकेतांचा क्रम ठेवला, म्हणजे दुसऱ्याला लागणाऱ्या अवधींत पहिलें काम पुरें होई. पुढें कागद जाऊन पडदा आला. ‘मल्टिक्स’ व तिच्यामागून ‘युनिक्स’ या कार्यप्रणालींनीं एकच संकेत पुरे मानला. ‘सी-पी-एम्’ व तिच्यावरून ‘एम्-एस्-डॉस’ (१९८१) यांनीं दोन्ही ठेवले, आणि ‘विंडोज’नें ते वारशानें घेतले. मागें येणारी कॅरेज आज कोणाच्याही टेबलावर नाहीं. तिच्यासाठीं राखून ठेवलेला क्षण मात्र कोट्यवधि फायलींत ओळीओळीच्या शेवटीं जपलेला आहे.

‘व्ही-आय्’ हें मजकूर लिहिण्याचें व दुरुस्त करण्याचें साधन, आणि त्याचा वारस ‘व्हिम’, यांविषयींचा नवशिक्यांचा गोंधळ तर धंद्यांत विनोदाचा विषय होऊन बसला आहे. तें उघडून लिहूं लागावें तर अक्षरें उमटत नाहींत, बंद करूं जावें तर बंद होत नाहीं. आणि पडद्यावर इकडेतिकडे फिरावयाचें तर एच्, जे, के, एल् हीं अक्षरें दाबावयाचीं! हें साधन १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत बिल् जॉय या विद्यार्थ्यानें तयार केलें. त्याच्यापुढें ‘ए-डी-एम्-३-ए’ नांवाचें टर्मिनल होतें. त्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. वरील चार अक्षरांच्या कळांवरच बाण काढलेले होते. आतां, हींच चार अक्षरें कां? येथें पुन्हां टेलिप्रिंटर आडवा येतो. ठरलेल्या संकेतसूचींत एक घर मागें जाण्याच्या संकेताचा क्रमांक ८ आणि ओळ सरकविण्याच्या संकेताचा १०. इंग्रजी वर्णमालेंत एच् हें आठवें व जे हें दहावें अक्षर. ‘कंट्रोल’ या कळेबरोबर हीं अक्षरें दाबलीं म्हणजे तेच संकेत जात. उरलेल्या दोन दिशांना शेजारच्या दोन कळा मिळाल्या, इतकेंच.

शिवाय जॉय ज्या टेलिफोनच्या तारेवरून काम करीत, तिच्यावरून सेकंदाला सुमारें तीसच अक्षरें येत. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी एकदां पडद्यावर भरावयास मिनिटाहून अधिक वेळ लागावयाचा. अशा स्थितींत प्रत्येक आज्ञा एका अक्षराची असावी आणि पडदा शक्य तितका कमी हलवावा, यांत लहर नव्हती, काटकसर होती. लिहिणें सोडून आज्ञांकडे वळण्याची ‘एस्केप’ ही कळ त्या कळफलकावर आजच्या ‘टॅब’च्या जागीं, करंगळीच्या आटोक्यांत होती. आज ती दूर कोपऱ्यांत गेली आहे. आणि नवशिका विचारतो कीं, इतक्या लांबची कळ क्षणोक्षणीं दाबावयास लावणारा मनुष्य कोण असेल? तो मनुष्य निर्दोष आहे. त्याच्यामागून कळ हलली. ‘व्हिम’चे कर्ते ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं आपलें साधन लोकांस खुलें केलें, तेव्हां त्यांनींही या कळा तशाच ठेवल्या. हें साधन ते फुकट देत व त्याच्या मोबदल्यांत युगांडांतील किबाले येथील मुलांस मदत करण्याची विनंति करीत. २०२३ सालीं ते वारले. विनंति मात्र साधन उघडतांच अजून वाचावयास मिळते.

याच जातीचा एक प्रश्न ‘युनिक्स’मधील आखूड नांवांचा. नक्कल करण्याच्या आज्ञेला ‘सी-पी’, हलविण्याच्या आज्ञेला ‘एम्-व्ही’ अशीं मुकीं नांवें कां? कारण एक एक अक्षर टेलिटाइपच्या जड कळेवर बोट आपटून काढावें लागे. नवी फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेंत तर ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दाचें शेवटचें अक्षरही गाळलेलें आहे. ‘युनिक्स’चे जनक केन् थॉम्प्सन यांना एकदां कोणी विचारलें कीं, आपणांस हें सर्व पुन्हां करावयाचें झालें तर काय बदलाल? तेव्हां, त्या शब्दाचें शेवटचें अक्षर लिहीन, असें त्यांनीं उत्तर दिलें. ज्याला आपल्या कृतींतील एवढाच दोष आठवतो, तो कारागीर भाग्यवानच म्हटला पाहिजे.

आतां दुसऱ्या वर्गाकडे वळूं. बहुतेक प्रचलित भाषांत रांगेंतील पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य असतो. लहानपणापासून एकापासून मोजावयास शिकलेल्या मुलाला हें पाहून धक्का बसतो. १९५७ च्या ‘फोर्ट्रान’मध्यें मोजणी एकापासूनच होती. १९६७ सालीं केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची ‘बी-सी-पी-एल्’ ही भाषा आली. तिच्यापासून थॉम्प्सन यांची ‘बी’ व ‘बी’पासून डेनिस रिची यांची ‘सी’ झाली, आणि ‘सी’चें वळण पुढील असंख्य भाषांनीं उचललें. या कुळांत वस्तूचा क्रमांक म्हणजे ती ‘कितवी’ हें सांगणारा आंकडा नसून, ती आरंभापासून ‘किती अंतरावर’ आहे हें सांगणारा आंकडा असतो. रस्त्यावरच्या मैलांच्या दगडांवर रस्ता जेथें सुरू होतो तेथें शून्यच येतें. आपल्या मुंबईंतही एक जिना चढल्यावर जो लागतो त्याला आपण पहिला मजला म्हणतों, आणि जमिनीलगतच्याला तळमजला; अमेरिकन मनुष्य जमिनीलगतच्यालाच पहिला म्हणतो. दोघेही शहाणे आहेत. एक चढलेले जिने मोजतो, दुसरा मजले मोजतो. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच पंडितांनीं १९८२ सालीं एक छोटें टिपण लिहून शून्यापासूनची मोजणी कां श्रेयस्कर, हें दाखविलें. आरंभीचा अंक धरावा व शेवटचा सोडावा, म्हणजे दोहोंची वजाबाकी हीच वस्तूंची संख्या होते, आणि तसें केलें तर शून्यापासून आरंभ करणेंच सरळ पडतें, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. येथें रूढीच्या मागून शास्त्र आलें, आणि तें रूढीला अनुकूल निघालें.

दशांशांचा प्रश्न याहून खोल आहे. यंत्राला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली तर अनेक भाषांत ०.३०००००००००००००००४ असें उत्तर येतें. नवशिक्याला वाटतें यंत्र बिघडलें. थोडा धीट असेल तर त्याला वाटतें भाषा बिघडली. वस्तुतः हा प्रश्न समजावयास आपल्या घरांतील वृद्धांइतका योग्य मनुष्य दुसरा नाहीं. संगणक सर्व कांहीं दोनाच्या पटींत मोजतो. अपूर्णांकही अर्धा, पाव, अर्धपाव, सोळावा हिस्सा असेच पाडतो. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं चालूं होईपर्यंत आपला रुपयाही असाच भागत असे: आठ आणे म्हणजे निम्मा, चार आणे म्हणजे पाव, आणि एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. ज्यांनीं पावकी-निमकी घोकली त्यांचा हिशेब आणि संगणकाचा हिशेब एकाच घराण्यांतले. त्या हिशेबांत रुपयाचा बरोबर दहावा भाग मागून पाहा. एक आणा दिला तर कमी पडतो, दोन दिले तर जास्त होतात. एक आणा दोन पैसे दिले तरी कमीच. आणखी लहान लहान तुकडे पाडीत गेलें तरी, प्रत्येक तुकडा मागच्याच्या निम्मा असेल तोंवर, दहावा हिस्सा तंतोतंत कधींच हातीं लागत नाहीं. एकतृतीयांश दशांशांत लिहूं गेल्यास तीनावर तीन मांडीत बसावें लागतें, तसेंच हें. यंत्र कोठें तरी थांबतें व उरलेलें सोडून देतें. तो सोडलेला कण बेरजेच्या शेवटीं डोकें वर काढतो. १९८५ सालीं या हिशेबाची पद्धति विल्यम् काहान यांच्या नेतृत्वाखालीं सर्व यंत्रांसाठीं एकच ठरली, म्हणून निदान सर्व यंत्रें आतां एकाच प्रकारें चुकतात. ही रूढि बदलतां येण्यासारखी नाहीं. ती समजून घेऊनच वागावें लागतें. पैशाचा हिशेब अशा अपूर्णांकांत ठेवूं नये, पूर्ण पैशांत ठेवावा, हा शहाणपणा त्यांतूनच निघाला.

तिसरा वर्ग मात्र असा निरुपद्रवी नाहीं. समानतेचें ‘=’ हें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानें १५५७ सालीं प्रथम छापलें; दोन समांतर सारख्या रेघांइतकी सारखी वस्तु दुसरी कोणती, हें त्याचें कारण. चार शतकें त्याचा अर्थ एकच होता. ‘फोर्ट्रान’नें त्याचा अर्थ ‘ही किंमत तेथें ठेव’ असा केला. ‘अल्गोल’ या भाषेच्या कर्त्यांना हें खटकलें व त्यांनीं त्या आज्ञेसाठीं ‘:=’ असें निराळें चिन्ह योजलें. थॉम्प्सन यांनीं ‘बी’ भाषेंत पुन्हां एकेरी चिन्ह आणलें, आणि ‘हें दोन्ही सारखें आहे काय?’ असें विचारण्यासाठीं ‘==’ अशी दुहेरी खूण ठरविली. किंमत ठेवण्याची आज्ञा तुलनेच्या सुमारें दुप्पट वेळां येते, तेव्हां तिचें चिन्ह निम्म्या लांबीचें असावें, हें त्यामागील समर्थन. हिशेब बिनचूक आहे; पण त्यांत एक रक्कम मांडावयाची राहिली. दोन चिन्हांत एका टिचकीचाच फरक असल्यामुळें विचारावयाच्या ठिकाणीं हुकूम लिहिला जातो, यंत्र तो निमूटपणें पाळतें, आणि चूक दिवसचे दिवस सांपडत नाहीं. टिचक्या वांचल्या लिहिणाराच्या; वेळ गेला शोधणाराचा.

याहूनही बोधप्रद कथा ‘मेक’ या साधनाची आहे. मोठा प्रोग्रॅम अनेक फायलींचा बनलेला असतो. त्यांतील एक बदलली म्हणजे कोणकोणते भाग पुन्हां यंत्रभाषेंत उतरवावयाचे, हें ‘मेक’ आपोआप पाहतें. त्याचा जन्म १९७६ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें झाला. तेथील स्टीव्ह जॉन्सन यांनीं एक सबंध सकाळ मुळांत बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यांत घालविली. चूक त्यांनीं आधींच सुधारली होती. सुधारलेली फाइल यंत्रभाषेंत उतरवावयाची तेवढी राहिली होती. नशिबाला बोल लावीत ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलींत शिरले, आणि त्या वैतागांतून फेल्डमन यांनीं हें साधन रचलें. त्यांत एक विचित्र नियम होता: आज्ञेची ओळ ‘टॅब’नेंच सुरू झाली पाहिजे. टॅबऐवजीं आठ कोऱ्या जागा सोडल्या तर डोळ्याला दोन्ही सारखेंच दिसतें, पण ‘मेक’ अडून बसतें. न दिसणाऱ्या फरकावर अडणारें साधन पाहून नवशिका रडकुंडीस आला नाहीं तरच नवल.

हा दोष लवकरच ध्यानांत येऊनही सुधारला कां गेला नाहीं, याचें कारण फेल्डमन यांनींच मागाहून मोकळेपणानें सांगितलें आहे. नियम घाईंत व सोयीसाठीं ठरला. पण कांहीं आठवड्यांतच साधन वापरणारे डझनभर लोक जमले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची आधीं लिहिलेली कामें मोडूं नयेत असें त्यांना वाटलें. बारा मित्रांची भीड! त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत जगभरच्या किती नवशिक्यांनीं त्या भिडेपायीं आपल्या सकाळी घालविल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. एका मनुष्याची एक सकाळ वांचविण्यासाठीं जें साधन निघालें, त्यानेंच हें करावें, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला मोठा विचार करावयास लावणारा आहे. फेल्डमन यांना या कामाबद्दल २००३ सालीं संगणकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संस्थेचें मानाचें पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच झालें. साधन उपयुक्त होतें म्हणूनच त्याचा दोष जगभर पसरला. निरुपयोगी वस्तूचे दोष तिच्याबरोबरच मरतात.

टोनी होअर यांची गोष्ट अशीच आहे. १९३४ सालीं कोलंबोस जन्मलेले हे इंग्रज पंडित १९६५ सालीं ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेची रचना करीत होते. प्रोग्रॅममध्यें एक वस्तु दुसरीचा पत्ता बाळगून असते. सर्व पत्ते खरे असतील अशी व्यवस्था भाषेनेंच करावी, असा त्यांचा हेतु होता. परंतु ‘पत्ता नाहीं’ असें सांगणारा एक कोरा पत्ता, ज्याला ‘नल’ म्हणतात, तोही चालूं देणें अगदीं सोपें होतें, आणि तो मोह त्यांना आवरला नाहीं. तेव्हांपासून कोरें पाकीट हातांत घेतलेला पोस्टमन जसा गोंधळून जागच्या जागीं बसेल, तसे प्रोग्रॅम मध्येंच कोसळत आले आहेत. २००९ सालीं लंडन येथील एका परिषदेंत होअर यांनीं स्वतःच याला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटलें. आपल्या तरुणपणच्या एका सोयीची किंमत वृद्धपणीं भर सभेंत सांगणारा असा शास्त्रज्ञ विरळा. त्यांच्यानंतरच्या कांहीं भाषांनीं कोऱ्या पत्त्याला मज्जाव केला आहे. नवशिक्यानें ‘हें असें कां?’ असें विचारल्यावर कोणी तरी खरें उत्तर दिलें, म्हणूनच तें घडूं शकलें.

रूढि बदलावयाची तर ती लहान असतांनाच, हें कालगणनेच्या उदाहरणावरून दिसतें. नोव्हेंबर १९७१ च्या ‘युनिक्स’च्या पहिल्या हस्तपुस्तकांत वेळ १ जानेवारी १९७१ पासूनच्या सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेला आहे. बत्तीस द्विमान अंकांत ही मोजणी अडीच वर्षांच्या आंतच संपावयाची. वापरणारे मूठभर होते, म्हणून मोजमाप बदलून पूर्ण सेकंद धरले गेले व आरंभ १ जानेवारी १९७० असा ठरला. आज असंख्य यंत्रांचा शकारंभ तोच आहे. ती जुनी बत्तीस अंकी मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजीं संपते; नव्या यंत्रांनीं चौसष्ट अंक घेतले आहेत, परंतु जुनीं यंत्रें कोठें कोठें भिंतींत पुरलेलीं आहेत तीं हुडकून काढावीं लागणार. असाच प्रसंग २००० सालापूर्वीं आला होता. ऐंशी रकान्यांच्या कार्डावर जागा वांचविण्यासाठीं वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची संवय पडली होती. कार्डें गेलीं, संवय राहिली. ती निस्तरण्याचें पुष्कळसें काम मुंबई, पुणें, बंगलोर येथील तरुणांनीं केलें, आणि भारतांतील या धंद्याच्या भरभराटीस त्याचा हातभार लागला. परक्या काटकसरीवर आपल्याकडचे संसार उभे राहिले, हीही इतिहासाची एक गंमत आहे.

परंतु सर्वच प्रसंग गंमतीवर भागत नाहींत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं, आखाती युद्धांत, सौदी अरबस्थानांतील धाहरान येथील अमेरिकन सैनिकांच्या निवासस्थानावर एक इराकी ‘स्कड’ क्षेपणास्त्र पडलें व २८ सैनिक ठार झाले. त्याला अडविण्यासाठीं ठेवलेली ‘पेट्रियट’ ही संरक्षणयंत्रणा जागेवर होती, चालू होती. तिनें बाण सोडलाच नाहीं. चौकशींत जें आढळलें तें असें. यंत्रणेचें घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी, आणि त्यांचे सेकंद करण्यासाठीं एकदशांशानें गुणी. हा तोच एकदशांश, जो आण्यांच्या हिशेबांत कधीं पुरा बसत नाहीं! चोवीस द्विमान अंकांत तो तोडावा लागे, आणि प्रत्येक दहाव्या भागाला सुमारें ०.००००००९५ सेकंदाचा दशांश, म्हणजे ०.०००००००९५ सेकंद इतकी तूट येई. ही यंत्रणा मुळांत वारंवार जागा बदलीत, एका वेळीं थोडे तासच चालावयाची अशा कल्पनेनें रचलेली होती. तेवढ्या वेळांत ही तूट कोणाच्या खिजगणतींत नसे. धाहरानला ती सुमारें शंभर तास एकसारखी चालू राहिली. घड्याळ ०.३४ सेकंद चुकलें. तेवढ्या वेळांत ‘स्कड’ अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें जातो. यंत्रणेनें त्याला भलत्याच जागीं शोधलें, आणि तो न दिसल्यामुळें ती स्वस्थ बसली. दीर्घकाळ यंत्रणा चालू ठेवल्यास नेम बिघडतो, ही सूचना इस्राएलकडून दोन आठवडे आधींच आली होती. सुधारलेला प्रोग्रॅम तयारही झाला होता. तो धाहरानला पोंचला तो दुसऱ्या दिवशीं, २६ तारखेला.

येथें कोणी अडाणी नव्हतें. ज्यानें तो हिशेब लिहिला, त्याच्या परिस्थितींत तो पुरेसा होता. परिस्थिति बदलली, पण मूळची परिस्थिति कोणती होती, ही आठवण साधनाबरोबर प्रवासाला गेली नाहीं. वर सांगितलेल्या सर्व कथांत हाच धागा आहे. टेलिटाइपचा क्षण, जॉयची मंद तार, फेल्डमन यांचे बारा मित्र, कार्डावरचे दोन रकाने: निर्णय प्रत्येक वेळीं शहाणपणाचा किंवा निदान क्षम्य होता. साधन मात्र आपल्या जन्मपत्रिकेशिवाय जगभर फिरतें, आणि त्याचा हात धरणाराला पूर्वीची अट ठाऊक नसते.

‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हें वचन आपण समाजासंबंधानें ऐकत आलों. १८८८ सालीं आगरकरांचें ‘सुधारक’ पत्र निघालें, तेव्हां महाराष्ट्रांत रूढीविषयीं मोठा वाद माजला होता. एका पक्षाला जुनें तें सर्व पवित्र वाटे, आणि त्याच्या उलट टोकाच्या पक्षाला जुनें तें सर्व टाकाऊ. संगणकाच्या धंद्यांतही हे दोन्ही पक्ष आहेत: एक ‘असेंच असतें’ म्हणतो, दुसरा ‘कोण्या मूर्खानें हें केलें?’ म्हणतो. दोघांनीही विचार करण्याचे श्रम वांचविलेले आहेत. शून्यापासूनच्या मोजणीला जो हंसतो तो जिवंत कारणाला हंसतो. आणि टॅबच्या नियमाला जो वंदन करतो तो बारा मित्रांच्या भिडेला वंदन करतो. कोणती रूढि कोणत्या वर्गांतली, हें ठरविण्याचें साधन एकच आहे, तिची जन्मकथा विचारणें. सर्व कथा सांपडतील असें नाहीं, सांपडल्या तरी सर्व रूढि मोडतां येतील असेंही नाहीं. जगांतील सर्व फायलींतून मागें येणारी कॅरेज कोणी काढूं म्हटल्यास तो वेडा ठरेल. परंतु जी मोडतां येत नाहीं तिची अट तरी लिहून ठेवतां येते.

म्हणून आमच्या मतें नवशिक्याचा प्रश्न हें या धंद्यांतील मोठें धन आहे. ज्याचा हात अजून सरावलेला नाहीं, त्यालाच टोचलेलें कळतें. आणि तें टोचणें फार दिवस टिकत नाहीं. ‘असेंच असतें’ या उत्तरानें तो गप्प बसतो, आपणच मंदबुद्धि आहों असें मानूं लागतो, आणि दहा वर्षांनीं तेंच उत्तर दुसऱ्याला देतो. त्याऐवजीं गुरूनें ‘तें अमुक सालीं अमुक कारणासाठीं असें झालें, तें कारण आज आहे कीं नाहीं, तें तूंच पाहा’ एवढें सांगितलें तर शिष्याच्या हातांत उत्तरही पडतें आणि दुसरा प्रश्नही पडतो. आज पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरींत बसून जो तरुण आपल्या बारा सोबत्यांच्या सोयीसाठीं कांहीं ठरवीत असेल, त्यानेंही जवळ एक ओळ टिपून ठेवावी: हें कां ठरविलें, आणि कोठवर खरें. त्याचें साधन चांगलें निघालें तर पन्नास वर्षांनीं कोणी तरी नवशिका ती ओळ शोधीत येईल.